ठाण्याला जहाजं पाठवणारा सुभेदार

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना ‘म्हणजे’ आणि ‘तर’ फार झाले होते ते कापलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. ‘भारतावरचं पहिलं अरब आक्रमण सिंधवर नाही, ठाण्यावर झालं! इ.स. 636!’ याच्या दोन आवृत्त्या आहेत. एकीत शेवटी अरबांचा दणदणीत पराभव होतो, दुसरीत ठाणं लुटलं जातं. आणि दोन्हींच्या खाली ‘हे शाळेत शिकवत नाहीत’ असं लिहिलेलं असतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो मला पाठवून एकच प्रश्न विचारलाय, की हे खरं आहे का?

जहाजं पाठवल्याची नोंद खरी आहे. दोन्ही शेवट मात्र कुणीतरी घरी बसून लिहिलेत.

आता नोंद म्हणजे किती मोठी? अल-बलाजुरी नावाचा एक इतिहासकार बगदादमध्ये होऊन गेला, 892 च्या सुमारास वारला. त्याच्या ‘फुतूह अल-बुल्दान’ या ग्रंथात, सिंधच्या प्रकरणाच्या अगदी सुरुवातीला, ठाण्याबद्दल चार-पाच ओळी आहेत. बस. घटनेनंतर दोन-अडीचशे वर्षांनी लिहिलेल्या चार-पाच ओळी. ग्रंथात गावाचं नाव ‘ताना’ असं आहे आणि बहुतेक अभ्यासक ते आपलं ठाणेच मानतात. त्यात लढाईचं वर्णन नाही, मेलेल्यांचा आकडा नाही, समोर कोण उभं होतं त्याचं नाव नाही. पण एक गोष्ट आहे, जी फॉरवर्डमध्ये कधीच नसते. एक पत्र आहे. वरिष्ठाने कनिष्ठाला लिहिलेलं, रागाने. मला त्या पत्रात जास्त रस आहे, कारण त्यातून त्या काळात सुभेदार असणं म्हणजे काय होतं, ते कळतं.

ज्याला पत्र आलं, त्याचं नाव उस्मान इब्न अबी अल-आस. पुढे याच गोष्टीत एक खलिफा उस्मान येणार आहेत, ते वेगळे. गोंधळ नको म्हणून मी ह्याला नुसतं ‘उस्मान’ म्हणतो आणि त्यांना ‘खलिफा उस्मान’.

उस्मान ताइफचा. मक्केच्या आग्नेयेला डोंगरावर वसलेलं गाव, थंड हवेचं, द्राक्षांच्या बागा, कातड्याचा धंदा, भोवती तटबंदी. तिथली टोळी म्हणजे सकीफ. 630 साली पैगंबर मुहंमद यांनी ताइफला वेढा घातला होता, पण तट पडला नाही. वेढा उठला. नंतर मात्र सकीफ लोकांच्या लक्षात आलं की आजूबाजूचे सगळे नव्या धर्मात गेलेत, आपण एकटे उरलोय. मग त्यांनी मदिनेला शिष्टमंडळ पाठवलं. त्या मंडळात वयाने सगळ्यात लहान होता उस्मान. जुन्या चरित्रग्रंथांत गोष्ट अशी येते, की मोठी माणसं दुपारी आडवी झाली की हा पोरगा हळूच सटकायचा आणि कुराण शिकायला जाऊन बसायचा. परत जाताना पैगंबरांनी ताइफचा अधिकारी म्हणून त्यालाच नेमलं. अनुभवी म्हाताऱ्यांना सोडून.

त्याच्या परंपरेत त्याला मिळालेल्या दोन सूचना सांगितल्या जातात. नमाज पढवताना मागे उभा असलेला सगळ्यात अशक्त माणूस डोळ्यासमोर ठेव, फार लांबवू नकोस. आणि अजान देण्यासाठी असा माणूस नेम, जो त्याचे पैसे घेणार नाही.

दोनच वर्षांनी, 632 मध्ये, पैगंबर गेले. अनेक टोळ्यांनी मदिनेशी संबंध तोडले. ताइफमध्येही चलबिचल झाली. तेव्हा उस्मानने आपल्या लोकांना समजावलं ते साधारण असं, की बाबांनो, आत येताना आपण सगळ्यात शेवटी आलो, निदान बाहेर पडताना पहिले नको. टोळी थांबली. मदिनेच्या नजरेत या तरुणाचं वजन वाढलं ते इथे.

आता एक छोटा फाटा. ‘त्याला कुणी वाली नाही’ असं आपण म्हणतो ना, त्यातला वाली अरबीतूनच आलाय. अरबांच्या राज्यात प्रांताच्या प्रमुखाला ‘वाली’ म्हणायचे, कधी ‘अमीर’, आणि वसुलीचं काम पाहणारा तो ‘आमिल’. आमिल ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून आपला अंमल आणि अंमलदार. म्हणजे शब्द आपल्या घरातलेच आहेत. मी ‘सुभेदार’ म्हणतोय कारण आपल्याला तो चटकन कळतो.

तर हा वाली करायचा काय? शुक्रवारची नमाज पढवायची, फौज न्यायची, कर गोळा करायचा, लुटीचा पाचवा हिस्सा मदिनेला पाठवायचा, भांडणं सोडवायची. सगळं एकाच माणसाकडे. आजच्या भाषेत कलेक्टर, एसपी, जज आणि लष्कराचा कमांडर एकाच खुर्चीत. आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा खलिफा कुठे? वाळवंटाच्या पलीकडे, उंटाने काही आठवड्यांच्या अंतरावर.

दुसरे खलिफा उमर यांना (634 ते 644) या अंतराची काळजी होती. त्यांचे उपाय गमतीदार वाटतील, पण कडक होते. सुभेदार नेमताना त्याच्याकडे काय काय आहे याची यादी करायची. नंतर माल वाढलेला दिसला तर त्यातला अर्धा सरकारजमा. हजच्या वेळी सुभेदारांनी मक्केत हजर राहायचं आणि तिथे कुणीही उठून त्यांची तक्रार करू शकत असे. इराक जिंकणारा मोठा सेनापती सअद इब्न अबी वक्कास, त्याने कूफ्यात वाडा बांधून त्याला दरवाजा बसवला. उमर यांच्या कानावर गेलं, की सुभेदाराच्या दारात लोकांना ताटकळत थांबावं लागतं. त्यांनी आपला तपासनीस मुहंमद इब्न मस्लमा याला पाठवलं. तो आला आणि त्याने तो दरवाजा जाळला. नोटीस नाही, मेमो नाही.

अशा माणसाच्या हाताखाली उस्मानची बढती झाली. 636 च्या सुमाराची गोष्ट. बहरैनसाठी सुभेदार हवा होता. लोकांनी उस्मानचं नाव सुचवलं. उमर म्हणाले, त्याला ताइफवर खुद्द पैगंबरांनी नेमलंय, मी त्याला काढणार नाही. मग कुणीतरी वाट काढली: काढू नका, त्यालाच सांगा की तुझ्या पसंतीचा माणूस जागेवर ठेव आणि ये. हे उमर यांना पटलं. उस्मानने धाकटा भाऊ हकम याला ताइफला बसवलं आणि तो निघाला. सरकारी फाइल कशी फिरवायची ही कला फार जुनी आहे, एवढंच म्हणतो.

बहरैन म्हणजे आजचं छोटं बेट समजू नका. तेव्हा बहरैन म्हणायचे ते अरबस्तानच्या सगळ्या पूर्व किनाऱ्याला, बसऱ्याच्या खालपासून ओमानच्या हद्दीपर्यंत. उस्मानकडे बहरैन आणि ओमान दोन्ही आले. अल-बलाजुरी सांगतो की त्याने हकमला बहरैनला पाठवलं, स्वतः ओमानला गेला, आणि तिथून ठाण्याकडे फौज रवाना केली.

का केली? हे त्याने लिहून ठेवलेलं नाही, म्हणून पुढचं माझं वाचन आहे, तसंच ऐका. 636 हे साल बघा. याच वर्षी सीरियात यरमूकची लढाई झाली, रोमन साम्राज्याची फौज मोडली. त्याच सुमारास इराकमध्ये कादिसिया झालं, इराणची फौज मोडली. नाव, लूट, जमिनी सगळं तिकडे. आणि आपला उस्मान कुठे? एका कोपऱ्यात, जिथे समोर फक्त पाणी. पण त्याच्या हाताखाली कोण होतं? बहरैनची अब्द अल-कैस आणि ओमानची अज्द टोळी. या लोकांना समुद्र अंगणासारखा होता. मोती, मासळी, व्यापार. भारताचा किनारा त्यांच्या पाहण्यातला होता. ताइफच्या डोंगरातला माणूस सुभेदार झाला, पण जहाजं आणि खलाशी या किनाऱ्याचे. तरुण अधिकारी, नवी पोस्टिंग, स्वतःला सिद्ध करायची घाई आणि हाताशी बोटी. परवानगी न विचारता निर्णय व्हायला एवढं पुरतं.

अंतराचं गणित पण लक्षात घ्या. मस्कतच्या आसपासहून कोकण किनारा समुद्राने दीड हजार किलोमीटरच्या पुढे. शिडाची जहाजं वाऱ्यावर. नैर्ऋत्य मोसमी वारे ओसरत आले की त्यांच्या शेपटावर इकडे यायचं, आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुरू झाला की परत फिरायचं. एकदा जहाजं सुटली की सुभेदारालासुद्धा काही महिने कळणार नाही की आपली माणसं जिवंत आहेत की बुडाली. मग मदिनेला काय कळणार! उस्मानने फौज परत आल्यावर उमर यांना कळवलं. आधी नाही, नंतर.

आणि इथे ते पत्र.

मी ते शब्दशः सांगत नाही, आशय सांगतो. उमर त्याला ‘सकीफच्या भावा’ अशी हाक मारतात, म्हणजे त्याच्या टोळीच्या नावाने. तू माझी माणसं लाकडाच्या तुकड्यावर किडे बसवावेत तशी समुद्रात सोडलीस, असं म्हणतात. आणि मग शपथ घेऊन बजावतात, की ती माणसं मेली असती तर तितकीच माणसं मी तुझ्या टोळीतून घेतली असती.

नीट ऐका, यात काय काय आहे. अभिनंदन नाही. लूट किती आली हा प्रश्न नाही. ‘पुढच्या वेळी जास्त फौज ने’ हे तर नाहीच. आणि टोळीच्या नावाने हाक मारलीय ती प्रेमाने नाही. जबाबदारी तुझ्या एकट्याची नाही, तुझ्या भावाबंदांची आहे, असा दम त्यात आहे. खलिफाकडे सुभेदाराला लगेच रोखायचं कुठलंच साधन नव्हतं. फोन नाही, तार नाही. हातात होती फक्त भीती, आणि तीही घटना घडून गेल्यावर. पत्रातल्या ‘मेली असती तर’ या शब्दांवरून एवढं मात्र निघतं, की त्या फेरीत अरबांची मोठी हानी झाली नव्हती. म्हणजे फॉरवर्डमधला ‘दणदणीत पराभव’ गेला. आणि ठाणं लुटलं, जाळलं, जिंकलं असंही नोंदीत कुठे नाही, म्हणजे दुसरा शेवटही गेला.

आता कुणी म्हणेल, म्हणजे ते व्यापारालाच आले असतील. नाही हो. नोंदीत सैन्य म्हटलंय. ती सशस्त्र मोहीम होती, हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. आणि ती एकटीही नव्हती. हकमला भडोचला पाठवलं, दुसरा भाऊ मुगीरा याला सिंधच्या देबल बंदरावर पाठवलं. अल-बलाजुरी म्हणतो मुगीरा देबलला जिंकला. तेराव्या शतकात फारसीत आलेला ‘चचनामा’ म्हणतो मुगीरा तिथे मारला गेला. एकच माणूस, एकच बंदर, दोन ग्रंथ, दोन टोकं. हजार वर्षांपूर्वी सुद्धा या गोष्टीला दोन शेवट होतेच!

आपल्या बाजूने काय दिसतं? त्या काळी कोकणावर बदामीच्या चालुक्यांचा, दुसऱ्या पुलकेशीचा जोर होता. ऐहोळेचा शिलालेख 634 चा, म्हणजे या घटनेच्या जेमतेम दोन वर्षं आधीचा. त्यात पुलकेशीने कोकणच्या मौर्यांना हरवल्याचं आणि पुरी नावाच्या बंदरावर शेकडो नौका घेऊन चाल केल्याचं वर्णन आहे. कवीची अतिशयोक्ती वजा केली तरी हा किनारा रिकामा नव्हता, इथे आरमार होतं. पण चालुक्यांच्या लेखांत अरब जहाजांचा उल्लेख नाही. ज्याला शौर्य कोरून ठेवायची इतकी हौस, त्या दरबाराने ही गोष्ट कोरली नाही, यावरून ती इथल्या लोकांना किती मोठी वाटली असेल ते तुम्हीच ठरवा.

उमर समुद्राला एवढे का घाबरत होते? नुसता स्वभाव नव्हे, अनुभव होता. याच बहरैनचा एक सुभेदार, अल-अला इब्न अल-हद्रमी, न विचारता खाडी ओलांडून इराणच्या फार्स प्रांतात घुसला होता. परतीची वाट तुटली, फौज अडकली, बसऱ्याहून कुमक पाठवून तिला सोडवावी लागली आणि अल-अलाचं पद गेलं. सीरियाचा सुभेदार मुआविया सायप्रसवर जहाजं न्यायची परवानगी मागत राहिला, उमर यांनी ती दिली नाही. सायप्रसची मोहीम शेवटी 649 मध्ये निघाली, खलिफा उस्मान यांच्या काळात.

इतकं खरमरीत पत्र आल्यावर आपल्या उस्मानचं काय झालं असेल? मला वाटलं होतं बदली. पण नाही, तो जागेवर राहिला. उमर यांना काम करणारा माणूस हवा होता, फक्त लगाम त्यांच्या हातात. काही वर्षांनी, 640 च्या आसपास, उमर यांच्याच हुकमाने उस्मानच्या फौजा समुद्र ओलांडून फार्समध्ये उतरल्या. फरक बघा: या वेळी पल्ला छोटा. जुल्फारहून, म्हणजे आजच्या रास अल-खैमाजवळून, समोरच्या केश्म बेटावर, आणि तिथून इराणचा किनारा. पुढे तव्वज नावाचं गाव घेऊन तिथे त्यांनी मशीद बांधली, अब्द अल-कैसची माणसं वसवली, छावणीच केली. फार्सचा इराणी सरदार शहरक मोठी फौज घेऊन आला. बुशहरजवळ रीशहरला लढाई झाली आणि शहरक पडला. ही लढाई अवघडपणात कादिसियाच्या तोडीची होती असं अल-बलाजुरी लिहितो. ज्या नावासाठी ठाण्याचा उपद्व्याप केला असेल, ते नाव उस्मानला इथे मिळालं. नंतरची दहा वर्षं बसऱ्याच्या अबू मूसा अल-अशअरीबरोबर शहरामागून शहर घेण्यात गेली. घेतलेलं शहर उलटायचं, परत घ्यायचं. तो तपशील मी गाळतो, नावं खूप आहेत.

आणि मग 650 च्या सुमारास खेळ संपला. खलिफा उस्मान यांनी बसऱ्याची आणि या किनाऱ्याची फौज एकत्र करून ती आपल्या मामेभावाच्या हाती दिली. अब्दुल्ला इब्न आमिर, वय पंचविशीच्या आसपास. चौदा-पंधरा वर्षं दोन प्रांत सांभाळून आणि इराणच्या मातीत लढून झाल्यावर जागा गेली, ती साहेबांच्या नात्यातल्या एका तरुणाला. मला इथे वाईट वाटतं. पण हेही आठवतं, की ताइफच्या म्हाताऱ्यांनाही कधीकाळी एका पोरासाठी बाजूला व्हावं लागलं होतं.

त्याला रिकाम्या हाताने मात्र पाठवलं नाही. बसऱ्याजवळ मोठी जमीन दिली. काही म्हणतात पद गेल्याची भरपाई, काही म्हणतात मशीद वाढवायला मदिनेतलं त्याचं घर घेतलं त्याचा मोबदला. जमीन खारी, दलदलीची. आपल्याकडे खाजण म्हणतात तशी. ती त्याने लागवडीला आणली. लोक तिला ‘शत्त उस्मान’ म्हणू लागले. त्यातले तुकडे त्याने भावांना दिले आणि बसऱ्याच्या पद्धतीप्रमाणे त्यांना भावांची नावं पडली: हकमचं हकमान, हफ्सचं हफ्सान, उमय्याचं उमय्यान. भडोचला गेलेला हकम शेवटी बसऱ्याच्या बांधावर. उस्मान तिथेच, मुआवियाच्या कारकिर्दीत वारला.

सकीफ टोळीतून पुढेही सुभेदार निघत राहिले. त्यांतला सगळ्यात गाजलेला हज्जाज इब्न युसुफ, इराकचा, तोही ताइफचाच. त्याने 711 च्या सुमारास आपल्या नात्यातल्या मुहंमद बिन कासिमला सिंधवर पाठवलं. ती मोहीम वरून ठरवलेली होती. फौज जमिनीवरून, जड सामान समुद्रातून, पत्रं सतत चालू. ठाण्याच्या फेरीला त्या मोहिमेची पहिली पायरी म्हणतात ते मला पटत नाही. मध्ये पाऊणशे वर्षं गेली, आणि पहिल्या वेळी वरून हुकूम आला होता तो ‘थांब’ असा.

जाता जाता एक ताम्रपट. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला, शके 848 चा, म्हणजे 926 सालचा. ठाण्याच्या उत्तरेला संजाणचा प्रांत, आणि त्याचा सुभेदार एक ‘ताजिक’, म्हणजे अरब. नाव मधुमती. अभ्यासक म्हणतात, हे मुहंमदचं संस्कृत रूप. त्याला नेमलं होतं मान्यखेटच्या राष्ट्रकूट राजाने, कृष्णाने. आसपासची बंदरं त्याने राजासाठी ताब्यात आणली होती. ताम्रपट आहे तो त्याने देवीच्या मठाला गाव दिल्याचा. आणि त्यातच त्याची आणखी दोन कामं लिहिली आहेत: लोकांना पाणी ओलांडायला फुकट होडीची सोय, आणि संजाणात एक अन्नछत्र, जिथे भात, कालवण आणि तूप मिळायचं.